‘बॅन’ या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ काय? ‘बंदी’शी त्याचे काही नाते आहे का?

कृष्णाकाठ :
सर्वांना नमस्कार. मी वाळवा तालुक्यातला. आमच्याकडे बैलगाडी शर्यतींचा विषय निघाला की एक इंग्रजी शब्द हटकून कानावर पडतो. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या तेव्हा ‘बॅन आला’, डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली तेव्हा ‘बॅन उठला’, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला तेव्हा ‘आता बॅनची भीती नाही’, असे बैल सांभाळणारी साधी माणसे अगदी सहज बोलत होती. ‘बंदी’ वर्तमानपत्रात आणि ‘बॅन’ शर्यतीच्या माळावर, अशी वाटणी झालेली पाहून मला नवल वाटले.

आमच्या वाचनालयात यावरून वाद झाला. एका मित्राचे ठाम मत असे की ‘बॅन’ आणि ‘बंदी’ हा मुळात एकच शब्द असून तो आपल्याकडून किंवा फारसीतून इंग्रजांनी उचलला आहे. दुसऱ्याच्या मते दोन्हींत केवळ ध्वनिसाम्य आहे. मला ‘बॅन’चा खरा उगम जाणून घ्यायचा आहे, आणि ‘फरबिड’, ‘प्रोहिबिट’ ही दुसरी क्रियापदे त्याच्यापासून कशी वेगळी पडतात हेही समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

आडवाटेने_औंध :
ध्वनिसाम्यच असावे, असे मला वाटते. ‘बंदी’ फारसीतून आलेला आहे एवढे निश्चित. बाकी जाणकारांची वाट पाहतो.

सज्जनगड_पायथा :
कृष्णाकाठ दादा, प्रश्न फार चांगला विचारलात. मी अनेक वर्षे साताऱ्यात भाषा शिकवली आहे आणि हा शब्द माझ्या विशेष आवडीचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वी, ‘बन्नन’ असे क्रियापद होते. मनाई करणे हा त्याचा अर्थच नव्हता. चारचौघांत पुकारून सांगणे, हुकूम जाहीर करणे, विशेषतः लढाईसाठी माणसांनी हजर व्हावे असे फर्मान काढणे, हा त्याचा अर्थ. पुढे इंग्लंडच्या उत्तरेस आणि पूर्वेस येऊन वसलेल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाकडच्या, लोकांच्या बोलीतले ‘बन्ना’ हे सख्खे भावंड त्याला येऊन मिळाले. त्या बोलीत त्याचा अर्थ शाप देणे आणि मनाई करणे असा होता. त्यामुळे मध्ययुगीन इंग्रजीत ‘बॅन’ म्हणजे कितीतरी ठिकाणी शिव्याशाप देणे असाच अर्थ लागतो. आजचा ‘बंदी घालणे’ हा अर्थ चौदाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो आणि नंतर बाकीचे अर्थ मागे सारून एकटा उरतो.

आता त्याच्याही मागे जाऊ. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातील, भाषांतला हा धातू भाषाशास्त्रज्ञ ‘बोलणे’ या अर्थाच्या आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, फारसी, लॅटिन आणि इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतील) धातूपर्यंत नेतात, आणि त्याच धातूच्या कुळात संस्कृतातला ‘भण्’ बसवतात. ‘भणति’ म्हणजे बोलतो. प्राकृतात तो ‘भणइ’ झाला आणि मराठीत आला तो ‘म्हणणे’ होऊन. दिवसातून शंभर वेळा आपल्या तोंडी असलेले ‘म्हणतो’, ‘म्हणे’, ‘म्हणून’ हे शब्द ‘बॅन’चे दूरचे नातलग ठरतात. संस्कृतातील ‘भ’च्या जागी इंग्रजीत ‘ब’ आणि लॅटिनमध्ये ‘फ’ येतो, हे नेहमीचे सूत्र आहे. भ्राता, ब्रदर आणि फ्रातेर ही तिन्ही रूपे शेजारी ठेवली की ते लगेच दिसते. लॅटिन ‘फारी’ म्हणजे बोलणे हाही त्याच कुळातला, आणि ‘इन्फंट’ म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही तो.

‘बंदी’चे कूळ मात्र निराळे. फारसी ‘बंद’ म्हणजे बांधणे, संस्कृत ‘बन्ध्’ म्हणजेही तेच, आणि इंग्रजीत त्याचा भाऊ ‘बाइंड’. तेव्हा ‘बॅन’च्या मुळाशी बोलणे आहे आणि ‘बंदी’च्या मुळाशी बांधणे.

कराडचा_वाचक :
ताई, एक शंका. ‘भ’चा ‘ब’ होतो हे सूत्र घेतले, तर इंग्रजी ‘बाइंड’च्या समोर संस्कृतात ‘भन्ध्’ असायला हवे होते. आपल्याकडे तर ‘बन्ध्’ आहे. मग सूत्र मोडले की काय?

सज्जनगड_पायथा :
शंका अगदी योग्य आहे. आद्य रूपात ‘भ’ आणि ‘ध’ अशी दोन महाप्राण, म्हणजे हकार मिसळलेली, व्यंजने होती. संस्कृतात एका धातूत असे दोन महाप्राण जवळजवळ आले की पहिल्यातला प्राण गळतो आणि ‘भ’चा ‘ब’ उरतो. हरमान ग्रासमान या जर्मन अभ्यासकाने १८६३ मध्ये हा नियम मांडला, आणि गंमत अशी की हाच गृहस्थ मोठा गणितज्ञही होता. ‘भण्’मध्ये दुसरा महाप्राण नाही, म्हणून त्याचा ‘भ’ शाबूत राहिला. इंग्रजीत दोन्ही शब्द ‘ब’ने सुरू होतात म्हणून आपल्याला ते एकसारखे ऐकू येतात, पण संस्कृतातली दोन वेगळी अक्षरे त्यांचे वेगळे मूळ अजून जपून आहेत.

पाटणची_सून :
‘पुकारून सांगणे’ हा अर्थ वाचला आणि मला आमच्या गावची दवंडी आठवली. आमचे गाव कोयनेच्या काठी आहे. धरणातून पाणी सोडायचे ठरले की कोतवाल हलगी घेऊन निघत. चावडीपुढे, मग देवळाच्या पारापाशी, मग एकेका आळीच्या तोंडाशी ते थांबत. आधी हलगीवर टिपरू कडकडायचे. मग हलगी छातीशी धरून तिच्यावर तळहात ठेवत, म्हणजे तिचा घुमार बंद होई, आणि मगच बोलत, ‘ऐका हो ऐका, नदीला पाणी सोडणार हाय, कुणी नदीत उतरू नये, जनावरं सोडू नयेत.’ पुन्हा हलगी, आणि पुढची आळी.

माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे की दवंडी ऐकली नाही ही सबब गावात कुणाची चालत नसे, आणि म्हणूनच कोतवाल एकही आळी सोडत नसत. शेवटच्या घरापर्यंत आवाज पोहोचवणे ही त्यांची जबाबदारी. मनाईचा हुकूम आणि तो मोठ्याने पुकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे आम्हाला कधी वाटलेच नाही. आता भोंग्याची गाडी फिरते आणि फोनवर संदेश येतात.

हरिपूर_संगम :
पाटणची सून ताई, सांगलीत आमचे लक्ष आयर्विन पुलाकडे लागलेले असते. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ च्या महापुरात ते ५७ फुटांच्याही वर गेले होते. त्या दिवसांत भोंग्यावरून पुकारलेला प्रत्येक शब्द आम्ही जीव कानात आणून ऐकत होतो.

विट्याचा_वकील :
पाटणच्या ताईंनी जे लिहिले ते कायद्याच्या दृष्टीनेही फार मोलाचे आहे. दवंडी ऐकली नाही ही सबब चालत नाही, हे खरे. पण दवंडी दिलीच नसेल, तर हुकूमही चालत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ हा १९५१ चा निकाल आम्हा वकिलांना पाठ असतो. जयपूर संस्थानात अफूसंबंधी एक कायदा संस्थानच्या मंत्रिमंडळाने ठराव करून संमत केला होता, पण तो लोकांपुढे कधी प्रसिद्धच केला नाही. पुढे त्याच कायद्याखाली एका माणसावर खटला झाला. न्यायालयाने स्पष्ट सांगितले की जो कायदा लोकांना कळवलेलाच नाही, ज्याची माहिती करून घेण्याचा मार्गही त्यांना उपलब्ध नाही, त्याच्या आधारे कोणाला शिक्षा करणे हे नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला धरून नाही. त्या माणसाची शिक्षा रद्द झाली.

आजही जिल्हाधिकारी जमावबंदीचा आदेश काढतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, तेव्हा तो चिकटवला जातो, वर्तमानपत्रांकडे जातो, भोंग्यावरून वाचला जातो. ‘बन्नन’चा जुना अर्थ आमच्या व्यवसायात असा रोज वापरात आहे.

मिरज_जंक्शन :
‘बॅन’चा जुना अर्थ इंग्रजीतही एका ठिकाणी शिल्लक आहे. चर्चमध्ये विवाहापूर्वी लागोपाठ तीन रविवारी वधूवरांची नावे सर्वांसमोर वाचून दाखवतात आणि कोणाची हरकत असल्यास ती सांगावी असे आवाहन करतात. त्या जाहीर वाचनाला ‘बॅन्स’ म्हणतात. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ही प्रथा पश्चिम युरोपातील चर्चसाठी सक्तीची केली. आमच्या मिरजेत मिशनचे काम जुने असल्यामुळे हे वाचन मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्या दिवशी देवळात सगळ्यांचे चेहरे आनंदी असतात, आणि ज्याला ‘बॅन’ म्हणजे बंदी एवढेच ठाऊक आहे, त्याला विवाहाच्या घोषणेला हे नाव का, हे कोडेच पडेल.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी कार्यालयात तीस दिवस नोटीस लावून हरकती मागवतात, तीही पद्धत याच्याच जवळची आहे.

पाटणची_सून :
म्हणजे एकच शब्द लग्नाची बातमीही देतो आणि बंदीही घालतो. हे फार आवडले.

यड्याची_माती :
‘बँडिट’ या शब्दाचा इथे कोणी उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो. इटालियन भाषेत ‘बंदितो’ म्हणजे ज्याच्याविरुद्ध जाहीरनामा पुकारला आहे आणि ज्याला हद्दीबाहेर घालवले आहे असा माणूस. त्याचा मूळ अर्थ दरोडेखोर असा नाही. आधी सरकारने पुकारा केला, मग तो रानात गेला, आणि रानात गेलेल्याला लोक दरोडेखोर समजू लागले, असा अर्थाचा प्रवास आहे. ‘बॅनिश’ हेही त्याच घरातले. आपल्याकडचा ‘तडीपार’ त्याच्या अगदी समोर उभा करता येईल.

मी नाना पाटलांच्या येडेमच्छिंद्रच्या शेजारचा आहे, त्यामुळे हा अर्थ मला जवळचा वाटतो. क्रांतिसिंह नाना पाटील १९४२ नंतर भूमिगत राहून प्रतिसरकार चालवत होते, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते आणि त्यांची मालमत्ता जप्त केली होती. आजच्या सांगली जिल्ह्याचा हा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत होता. सरकारदरबारी ज्याच्या नावाचा पुकारा झाला तो माणूस गावाच्या लेखी गुन्हेगार असतोच असे नाही. आमच्या भागातील म्हाताऱ्या माणसांनी त्यांना घरात लपवले, भाकरी पोहोचवली, आणि ते गावाचे राजे म्हणूनच राहिले. ‘बँडिट’ या शब्दात पुकारणाऱ्याची बाजू तेवढी नोंदली गेली आहे.

आडवाटेने_औंध :
यड्याची माती दादा, प्रतिसाद मनापासून पटला. एक भर घालतो. फ्रेंचमधला ‘बाँलिय’ म्हणजे शहराचे उपनगर. जिथवर शहराच्या किंवा सरदाराच्या हुकमाची हाक पोहोचते तो एक कोसभर मुलूख, असा त्याचा मूळ अर्थ. हद्द, हद्दवाढ आणि हद्दपार हे तिन्ही अर्थ त्या एका शब्दाभोवती उभे राहतात.

हळदीचा_अडत्या :
मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या व्यापारात आहे. इंग्रजी ‘बिड’ म्हणजे बोली, हे आम्हाला कामापुरते माहीत आहे. सौद्याच्या वेळी पोत्यातून हळकुंडे हातात घ्यायची, एक मोडून आतला रंग बघायचा, दोन हळकुंडे एकमेकांवर वाजवून ओलावा जोखायचा, आणि मग बोली लावायची. बोली लावणे म्हणजे देऊ करणे. तर माझा प्रश्न असा की ‘फरबिड’मधला ‘बिड’ आणि हा ‘बिड’ एकच का? देऊ करण्याच्या शब्दातून नाकारण्याचा शब्द कसा तयार झाला?

सज्जनगड_पायथा :
अडत्ये काका, हो, तोच ‘बिड’. जुन्या इंग्रजीत ‘बेओदन’ असे क्रियापद होते, त्याचा अर्थ जाणीव करून देणे, जाहीर करणे, हुकूम देणे आणि देऊ करणे. त्याला ‘फर’ हा विरोधदर्शक उपसर्ग लागला आणि ‘करू नका असा हुकूम देणे’ हा अर्थ तयार झाला. जर्मनमध्ये आजही ‘बीटन’ म्हणजे देऊ करणे आणि ‘फरबीटन’ म्हणजे मनाई करणे, अशी जोडी जिवंत आहे. दुसरे एक ‘बिद्दन’ नावाचे क्रियापद होते, त्याचा अर्थ विनवणी करणे. ही दोन्ही पुढे एकाच ‘बिड’मध्ये मिसळली, म्हणून इंग्रजीत ‘बिड’चे अर्थ इतके विखुरलेले दिसतात.

याचे मूळ तर आपल्या फारच ओळखीचे आहे. ‘बेओदन’चा आद्य धातू आणि संस्कृतातला ‘बुध्’ एकच. बोध, बुद्धी, प्रबोधन आणि भगवान बुद्धांचे नाव, सगळे त्याच धातूचे. इथेही ‘बन्ध्’सारखाच ‘भ’चा ‘ब’ झालेला आहे. दुसऱ्याला जागे करणे, जाणवून देणे, त्यातून सांगणे, त्यातून आज्ञा करणे, अशी अर्थाची वाट आहे. लहान मुलाला विहिरीच्या काठाशी जाऊ न देणारी आई जे करते, ते मला ‘फरबिड’च्या मुळाशी फार जवळचे वाटते. ती मुलाला बांधून ठेवत नाही, त्याला जाणीव देते.

कराडचा_वाचक :
ताई, शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. धातूचा अर्थ सुंदर आहे म्हणून आजच्या शब्दालाही तोच अर्थ आहे, असे होत नाही. आजच्या इंग्रजीत ‘फरबिड’ हा अधिकाराचा शब्द आहे. मालक नोकराला, बाप मुलीला, धर्मगुरू अनुयायाला ‘फरबिड’ करतो. त्यात जाणीव देण्याचा भाग असेलच असे नाही, आणि कित्येकदा कारणही सांगितले जात नाही. व्युत्पत्तीने शब्दाचा प्रवास कळतो, त्याचे आजचे वागणे कळत नाही.

सज्जनगड_पायथा :
आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तो महत्त्वाचा आहे. तरीही विद्यार्थ्यांना शब्द शिकवताना मूळ सांगितले तर शब्द त्यांच्या लक्षात राहतो, हा माझा अनुभव आहे. ‘बोध’ आणि ‘फरबिड’ शेजारी लिहिले की वर्गातली मागच्या बाकावरची मुलेही मान वर करून पाहतात.

माण_तालुका :
मी आमच्या गावातील बचत गटाचे काम करते. ‘प्रोहिबिशन’ हा शब्द आमच्याकडे कागदोपत्री येतो, बोलण्यात दारूबंदी. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राचा कायदा म्हणून चालू आहे. गावातील दुकान बंद करायचे असेल तर महिलांना मतदान मागता येते, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. आडवीवर शिक्का मारला म्हणजे दुकान बंद. मतदान करून परत येणारी बाई ‘दारूबंदीला मत दिले’ असे म्हणत नाही, ‘बाटली आडवी केली’ असे म्हणते, आणि तिच्या आवाजात जे समाधान असते ते कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. ‘प्रोहिबिट’चे मूळ कोणी सांगेल का?

विट्याचा_वकील :
ताई, आपल्या कामाला मनापासून नमस्कार. ‘प्रोहिबिट’ लॅटिनमधून आलेला आहे. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘हाबेरे’ म्हणजे धरणे. समोर आडवे होऊन थोपवून धरणे, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत घटनादुरुस्ती करून जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू केली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी दुसऱ्या घटनादुरुस्तीने ती उठवली. तेव्हापासून ‘प्रोहिबिशन’ म्हटले की इंग्रजी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दारूबंदीच उभी राहते.

मिरज_जंक्शन :
फलाटावर हिंदी पाट्या वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. ‘धूम्रपान निषेध’ या हिंदी पाटीचा अर्थ धूम्रपानास मनाई असा आहे. तोच मजकूर आपल्या मराठी माणसाने वाचला तर त्याला वाटेल की कोणीतरी धूम्रपानाविरुद्ध निषेध सभा भरवली आहे. संस्कृतात विधी आणि निषेध ही जोडी ‘करावे’ आणि ‘करू नये’ अशीच आहे. मराठीत ‘निषेध’ हा शब्द धिक्काराकडे केव्हा वळला?

कराडचा_वाचक :
वळला असे पूर्णपणे म्हणता येणार नाही. ‘निषिद्ध’ या विशेषणात जुना अर्थ आजही टिकून आहे, आपण ‘निषिद्ध मानलेले अन्न’ असेच म्हणतो. नाम तेवढे सभा, मोर्चे आणि पत्रके यांच्याबरोबर निघून गेले. मला यात ‘बॅन’शी एक साम्य दिसते. तिकडे एकाच शब्दात धिक्कार आणि मनाई हे दोन्ही अर्थ नांदत होते आणि पुढे मनाई उरली. आपल्याकडे ‘निषेध’मध्ये मनाई होती आणि धिक्कार उरला. दोन्ही भाषांत या दोन अर्थांची ये-जा आहे, कारण ज्याच्यावर अधिकार चालतो ते माणूस थांबवतो, आणि ज्याच्यावर चालत नाही त्याचा निदान धिक्कार करतो.

माची_पेठ :
जर्मन भाषेत ‘बान’ म्हणजे चर्चने घातलेला बहिष्कार, हाही एक अर्थ आहे, आणि तो आपल्या ‘वाळीत टाकणे’ या प्रयोगाजवळ जातो. मी साताऱ्याचा असल्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी त्यांच्या अखेरच्या काळात जात पंचायतींच्या मनमानीविरुद्ध आवाज उठवला होता. २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाली. पुढे सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये संमत झाला आणि २०१७ पासून लागू झाला.

वाळीत टाकलेल्या कुटुंबाच्या बाबतीत कागद कुठेच नसतो. पंचायतीत तोंडी पुकारा होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून किराणा दुकानदार माल देत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. वकील साहेबांनी सांगितलेला पुकारा लोकांना कायदा कळावा म्हणून असतो. हा पुकारा एका घराला एकटे पाडण्यासाठी असतो, आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची हेही त्या घराला बरीच वर्षे माहीत नव्हते. ‘बॅन’ या शब्दाच्या इतिहासात या दोन्ही प्रकारचे पुकारे आहेत, म्हणून त्याच्याकडे केवळ भाषेची गंमत म्हणून पाहता येत नाही.

माण_तालुका :
माची पेठ दादा, आपण हे लिहिले ते फार बरे केले.

हरिपूर_संगम :
पाटणच्या ताईंच्या दवंडीतील ‘नये’विषयी दोन ओळी. ‘उतरू नये’, ‘तोडू नये’, ‘थुंकू नये’ हा आपला खास मराठी मनाईचा घाट आहे. जुन्या मराठीत ‘म्हणों ये’ म्हणजे म्हणता येते, म्हणणे योग्य आहे, असा प्रयोग होता, आणि त्याचे नकारी रूप ‘म्हणों नये’. होकारी रूप बोलण्यातून गेले, नकारी राहिले. या ‘नये’मध्ये हुकूम देणारा दिसत नाही, समोरचा माणूसही दिसत नाही. ते कृत्यच उचित नाही, एवढेच सांगितले जाते. उद्यानातली ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी मला म्हणूनच ‘फुले तोडण्यास सक्त मनाई आहे’ या पाटीपेक्षा अधिक सभ्य वाटते.

हळदीचा_अडत्या :
सभ्य पाटी लोक वाचतात, सक्त पाटी लोक पाळतात, असा आमच्या यार्डातला अनुभव आहे. हरिपूरकर, रागावू नका.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. ‘बॅन’ आणि ‘बंदी’ यांचे कूळ वेगळे, हे नीट समजले. आता वापराविषयी विचारतो. ‘बॅन’, ‘फरबिड’ आणि ‘प्रोहिबिट’ यांतले कोणते केव्हा वापरावे, आणि मराठीत त्यांच्यासमोर कोणते शब्द ठेवावेत?

सज्जनगड_पायथा :
माझ्या मते, अधिकार असलेल्या माणसाने दुसऱ्या माणसाला ‘करू नकोस’ म्हणून बजावले की ‘फरबिड’, आणि त्यासाठी आपला ‘मनाई करणे’ हा शब्द अगदी बरोबर बसतो. नियमाने किंवा कायद्याने एखादे कृत्य रोखले की ‘प्रोहिबिट’, त्याला ‘प्रतिबंध’. सरकारने, न्यायालयाने किंवा संस्थेने एखादी वस्तू, प्रथा किंवा कार्यक्रम जाहीरपणे बंद केला की ‘बॅन’, त्याला ‘बंदी’. वाक्यरचनेतही फरक आहे. ‘फरबिड’नंतर साधारणपणे ‘टू’ येतो, ‘प्रोहिबिट’नंतर ‘फ्रॉम’, आणि ‘बॅन’ला बहुधा वस्तूच कर्म म्हणून चालते. ‘बॅन’ माणसावर घालायचा असेल तर त्यालाही ‘फ्रॉम’ लागतो.

बत्तीस शिराळ्याचे उदाहरण घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे ‘प्रोहिबिट’ केले आहे. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने नागपंचमीला जिवंत नागांची मिरवणूक थांबली, तिला वर्तमानपत्रांनी ‘बॅन’ म्हटले. आणि गावातल्या एखाद्या आजीने नातवाला ‘वारुळाकडे फिरकायचे नाही’ असे बजावले असेल, तर तिने त्याला ‘फरबिड’ केले.

कराडचा_वाचक :
उदाहरणे चोख आहेत. मी फक्त एवढेच म्हणेन की मराठीत लिहिताना ‘बॅन’ची गरज नाही. ‘बंदी’ला आपल्याकडे जमावबंदी, संचारबंदी, नाकाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे समास करता येतात, आणि प्रत्येकातून नेमके काय थांबले ते कळते. ‘बॅन’ला मराठीत असा एकही समास जुळत नाही.

यड्याची_माती :
लिहिताना ‘बंदी’ लिहावे, हे मान्य. बोलताना माळावरच्या माणसाला ‘बॅन’ म्हणू द्यावे. त्याने तो शब्द बातम्यांतून ऐकला, स्वतःच्या बैलांच्या काळजीपोटी लक्षात ठेवला आणि ‘बॅन बसला’, ‘बॅन उठला’ अशी मराठी क्रियापदे लावून आपलासा केला.

मिरज_जंक्शन :
‘बंदी’च्या घरातले एक माणूस राहून गेले. मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात, उस्ताद अब्दुल करीम खाँ साहेबांचे इथे दीर्घकाळ वास्तव्य होते, आणि गाण्यात आम्ही ज्याला बंदिश म्हणतो तोही ‘बंद’ म्हणजे बांधणे याच मुळाचा शब्द. बंदोबस्त, बांध, बंधारा हेही तिथलेच. राग मोकळा असतो आणि बंदिश त्याला ताल-सुरांत बांधून ठेवते, पण ती बांधणी गाणाऱ्याला थांबवण्यासाठी नसते.